धुतलेला पेला

मी पोचलो तेव्हा पेला धुतलेला होता.

आक्का माडीवरच्या खोलीत कॉटवर होती, गळ्यापर्यंत रजई ओढलेली. जानेवारीचं धुकं, खिडक्या बंद, शेजारच्या बायका भिंतीला टेकून बसलेल्या. सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या. मी उशाशी ठेवलेल्या स्टुलाकडं बघितलं. स्टुलावर पेल्याच्या बुडाचा चिकट गोल उमटला होता आणि पेला तिथं नव्हता. तो मला खाली सापडला, दुकानाच्या मागच्या नळाजवळ पालथा घातलेला. स्टीलचा, कडेवर आमच्या आईचं नाव कोरलेला. आक्काच्या लग्नात आईनं दिलेल्या भांड्यांतला.

"पेला कुणी धुतला?" मी विचारलं.

"मी," दाजी म्हणाले.

"का?"

मी भलत्याच मुलखातली भाषा बोलतोय अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "खरकटा होता."

"त्यात काय होतं?"

"गुळाचं पाणी. तिला गरगरायला लागलं, म्हणून दिलं."

"दिलं कुणी?"

"मीच," असं ते म्हणाले, पण म्हणण्याआधी थांबले. मी आयुष्यभर बाजारात बसलोय. समोरचा भाव सांगण्याआधी थांबला की तो भाव खरा नसतो. बायको वर मरून पडलेली असताना खाली येऊन पेला विसळणारा माणूस आणि तो थांबलेला एक श्वास, या दोन गोष्टी मी त्या सकाळी उचलल्या.

आम्ही गलाईवाले. सोनं-चांदी वितळवायची, त्यातली भेसळ काढायची, टंच, म्हणजे शुद्धता, किती ते सांगायचं, हा आमचा धंदा. कुठल्याही शहराच्या सराफ्यात जा, एखाद्या गल्लीत आमच्या सांगलीकडचा माणूस भट्टीपुढं बसलेला सापडेल. मी मिसरूड फुटण्याआधी लखनौच्या चारबाग स्टेशनवर एकटा उतरलो. दुसऱ्यांच्या भट्ट्यांची राख काढली, तेजाबानं बोटं पिवळी करून घेतली आणि अमीनाबादच्या एका गल्लीत स्वतःचं दुकान मांडलं. मला कुणी हात दिला नाही. दाजींना मात्र मी हात दिला. आक्काचं लग्न ठरलं तेव्हा त्यांना काही येत नव्हतं. मी लखनौला बोलावून घेतलं, काम शिकवलं, आणि ते शिकून झाल्यावर त्यांनी चौक नावाच्या जुन्या बाजारात, सराफ्याच्या अगदी तोंडाशी, स्वतःचं दुकान घेतलं. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्यामागं गेली. आक्का मध्ये होती म्हणून मी गप्प बसलो.

हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कुणी म्हणेल, याच्या पोटात जुना राग होता. होता. राग असला म्हणून संशय खोटा ठरत नाही.

आणि संशयाला कारण होतं. मरायच्या आधीचा महिनाभर आक्का फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. "तोंडात पैसा धरल्यासारखं लागतं रे. चहा प्याला तरी तसंच, भाकरी खाल्ली तरी तसंच."

"घरात स्वयंपाक कोण करतं?" मी विचारलं होतं.

"मीच करते की. सकाळचा चहा तेवढा हे करतात."

ज्याच्या घरात खाली पारा, तेजाब आणि सायनाईड ठेवलेलं असतं, त्याच्या हातचा चहा पिऊन बाईच्या तोंडाला धातूची चव येते. यावर कुठल्या भावाला झोप लागेल?

मी पोस्टमॉर्टेम मागितलं. दाजी म्हणाले, "चिरफाड नको. ती गेली, आता तिला सुखानं जाऊ दे." मी म्हणालो, "तुम्ही नको म्हणताय म्हणूनच हवं." आवाज चढला. बायका माडीवरनं खाली डोकावल्या. मी पोलिसांना फोन लावला, आणि गल्लीत जीप येऊन उभी राहिली तेव्हा दाजी पायरीवर बसून राहिले.

शेवटी ते एवढंच म्हणाले, "तुझंच होऊ दे. पण तपासणीत जे येईल ते मानशील?"

"मानीन."

"भट्टीवर हात ठेव."

आमच्या धंद्यात टंचावरनं वाद झाला की माल तिसऱ्याकडं नेतात. नेण्याआधी दोघांनी भट्टीच्या कडेवर हात ठेवून सांगायचं, तिसरा म्हणेल ते मान्य. सांगून मागं फिरणाऱ्याला पुढं कुणी माल देत नाही. मी दाजींच्या विझलेल्या भट्टीवर हात ठेवला. ती बर्फासारखी गार होती. त्या घरात दिवसरात्र गरम असलेली ती एकच जागा, आणि त्या दिवशी ती गार.

डॉक्टरला मृत्यूचं कारण ठरवता आलं नाही. असं झालं की पोट, काळीज, मूत्रपिंड यांचे तुकडे बरण्यांत घालून प्रयोगशाळेत धाडतात. इकडचे पोलीस त्याला बिसरा म्हणतात. "बिसरा गया है, रिपोर्ट आने दीजिए," हे वाक्य मी पुढं इतक्यांदा ऐकलं की आक्काचं नावच बिसरा पडलंय असं वाटायला लागलं.

रिपोर्ट येईपर्यंत मी दाजींच्या घरचं पाणीसुद्धा प्यायलो नाही. दिवसांना गेलो तेव्हा स्वतःची बाटली घेऊन गेलो. गावाकडनं आलेल्या माणसांनी ते बघितलं, आणि त्यांनी बघावं हीच माझी इच्छा होती. बसल्या बसल्या मी घर वाचत होतो. आक्काचं कपाट आवरलेलं होतं, इतक्या लवकर कुणी आवरलं? देवळीतल्या तिच्या औषधाच्या पट्ट्या गायब होत्या. कॉटची जागा बदलली होती. दाजींनी दाढी वाढवली होती. दुःखानं की दुःख दिसावं म्हणून? माझी भाची, त्यांची एकुलती एक मुलगी, बँकेत नोकरी करणारी, माझ्यासमोरनं जाताना मान खाली घालत होती. तीही काहीतरी लपवते आहे हे मला कळत होतं. बापाला वाचवतेय, असा मी त्याचा अर्थ लावला.

जूनमध्ये दरोग्यानं, म्हणजे ठाण्यातल्या फौजदारानं, बोलावलं.

"भाई साहब, रिपोर्ट आ गई. कुछ नहीं निकला."

"नहीं निकला मतलब?"

"मतलब नहीं निकला."

"मतलब था नहीं, या मिला नहीं?"

त्यानं पेन खाली ठेवलं. "आप वकील हैं?"

"सोना गलाता हूँ."

"तो फिर समझिए, सोना चौबीस कैरेट निकला. घर जाइए."

हेच मला पटत नव्हतं. मी रोज तपासणी करतो, आणि तपासणी म्हणजे काय ते मला माहीत आहे. लगडीच्या एका टोकाचा तुकडा काढला तर एक टंच येतो, दुसऱ्या टोकाचा काढला तर दुसरा. म्हणून नमुना कापताना दोन्ही बाजूंची माणसं समोर उभी असतात. आक्काचा नमुना काढताना मला दाराबाहेर उभं केलं होतं. बरणी कोणती होती, तिच्यात काय ओतलं, ती किती दिवस कुठल्या खोलीत पडून होती, उन्हाळ्यात का हिवाळ्यात, मला काही माहीत नाही. मी ठाण्यात ओरडलो. हवालदारानं दंडाला धरून बाहेर आणलं.

मराठी मंडळाच्या गणपतीत एका बाईंची ओळख झाली होती. नागपूरकडच्या, विषांवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञ. या तपासणीशी त्यांचा काही संबंध नव्हता. लखनौतल्याच महानगर नावाच्या वस्तीत राहत. तिथल्याच कपूरथला बाजारातनं घासाघीस करून दशहरी आंबे घेतले आणि त्यांच्या दारात उभा राहिलो.

"आंब्यांनी माझं उत्तर बदलणार नाही, भाऊ," त्या म्हणाल्या, पण आंबे आत नेले.

रिपोर्टची नक्कल त्यांनी दोनदा वाचली.

"मॅडम, एकच सांगा. हे खरं का खोटं?"

"खरं."

"म्हणजे विष नव्हतं?"

"असं कुठे लिहिलंय? दिलेल्या तुकड्यांमध्ये, त्यांनी जी विषं शोधली, ज्या पद्धतीनं शोधली, त्या पद्धतीनं ती सापडली नाहीत. एवढंच लिहिलंय."

"एवढं लांब?"

"खरं तर याच्याहून लांब आहे." त्यांनी चष्मा काढला. "काही विषं उडून जातात. काही शरीरात मोडून जातात, उशीर झाला की मागे काही राहत नाही. काहींसाठी निराळा नमुना घ्यावा लागतो, आणि तो घ्यायचा हे आधी कुणाला सुचावं लागतं. उलटही असतं. माणूस गेल्यावर शरीरात काही गोष्टी आपसूक तयार होतात, त्या विषासारख्या दिसतात. म्हणून सापडलं तरी विचार करावा लागतो आणि नाही सापडलं तरी."

"मग ही तपासणी कशाला करता?"

"तुम्ही टंच कशाला काढता?"

"माझा टंच चुकत नाही."

"कधीच?"

मी दुसरा मुद्दा काढला. "धातू? पारा, शिसं, सोमल?"

"विषबाधा होईल इतका धातू पोटात गेला असता तर तो बहुतेक सापडला असता. धातू उडत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

"आणि सायनाईड?"

त्यांनी चष्मा परत घातला. "ते टिकत नाही फार. बरणी नीट बंद नसेल, उशीर झाला असेल, तर नाही सापडणार."

मला जे हवं होतं ते मिळालं. पुढचं त्या बरंच बोलल्या, मी ऐकलं नाही. चौकात खरा भाव फुटला की आपण पुढची बडबड ऐकत नाही, तसं झालं. रिपोर्टमध्ये भोक होतं आणि त्या भोकाचं नाव सायनाईड. दाजींच्या दुकानात ते होतंच. दागिन्याला झळाळी आणायला सगळेच वापरतात. ते शरीरातनं उडून गेलं असेल. पण पेल्यातनं कुठं जाईल?

आणि तिथं मला ड्रम आठवला.

गलाईवाल्याच्या दुकानात काही फेकत नाहीत. फरशीचा केर, फाटलेली गोणपाटं, हात पुसायची फडकी, सगळं साठवतात, कारण सगळ्यात सोन्याचा कण असतो. नळाखाली मोरी नसते, ड्रम असतो. हात धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी त्यात पडतं, कण खाली बसतो, वरचं पाणी हलकेच काढून टाकतात. खालचा गाळ वर्षभर राहतो आणि दिवाळीआधी काढून, वाळवून, जाळून त्यातनं सोनं काढतात. दाजींनी तो पेला त्याच नळाखाली विसळला होता. म्हणजे त्या पेल्यात जे होतं ते त्या गाळात होतं. दुसऱ्या कुठल्याही घरात ते गटारात गेलं असतं. गलाईवाल्याच्या घरात ते राखून ठेवलेलं होतं.

दाजी बाजारात गेलेले बघून मी दुकानात शिरलो आणि गाळ ढवळून एक बाटली भरून घेतली. पाण्याची तपासणी करणारी एक खाजगी प्रयोगशाळा होती, तिथं दिली. आठवड्यानं निकाल आला: सायनाईड आहे, पारा आहे, शिसं आहे.

तो कागद घेऊन मी सरळ चौकात गेलो. दाजी मूस भट्टीत उतरवत होते. मी कागद त्यांच्या मांडीवर टाकला.

"आता बोला."

त्यांनी चिमटा खाली ठेवला, कागद वाचला, परत माझ्या हातात दिला. "ड्रमात दुसरं काय निघणार?"

"या ड्रमाला हात लावायचा नाही. पुरावा आहे हा. गाळ काढलात तर मी समजेन, का काढला."

"बरं," ते म्हणाले.

त्या 'बरं'चा मला राग आला. भांडले असते तर बरं वाटलं असतं. मी तिथनं दरोग्याकडं गेलो. त्यानं कागद उलटून बघितला. "ये पानी किसने लिया?" मी म्हणालो, मी. "सील किसने किया?" कुणी नाही. "तो ये आपका पानी है, हमारा नहीं." बिसऱ्याची दुसरी तपासणी व्हावी असा अर्ज मी त्याच्यापुढं ठेवला. त्यानं चहा मागवला, स्वतःपुरता.

मग मी पुन्हा महानगरात. या वेळी आंबे नव्हते. बाईंनी कागद बघितला आणि माझ्याकडं बघितलं.

"भाऊ, एक विचारू? आक्कांच्या तोंडाला महिनाभर धातूची चव होती म्हणता."

"हो."

"ते सायनाईडनं होत नाही. सायनाईड महिनाभर थांबत नाही, मिनिटांत नेतं. महिनाभर देण्यासारखा धातू असतो, पण तो रिपोर्टमध्ये सापडायला हवा होता. तुम्ही एका माणसासाठी दोन विषं मागताय. चवीसाठी एक हळू चालणारं आणि रिपोर्टसाठी एक उडून जाणारं."

"दोन का नसतील?"

"असतील. मग चार का नसतील?" त्या चिडल्या नव्हत्या, हे जास्त बोचलं. "चव कित्येक औषधांनीही बिघडते. त्या कुठल्या गोळ्या घेत होत्या?"

"डोकेदुखीच्या पट्ट्या असायच्या, बाकी काही घेत नव्हती. असती तर मला सांगितलं असतं."

"बरं. मग एक करा. तुमच्या स्वतःच्या ड्रमातलं पाणी याच प्रयोगशाळेत द्या."

"माझ्या ड्रमाचा काय संबंध?"

"म्हणूनच म्हणते, द्या."

मी दिलं. हरायला नाही, त्यांना दाखवून द्यायला. माझ्या ड्रमात दाजींच्या ड्रमापेक्षा जास्त सायनाईड निघालं. पारा दुप्पट. माझं काम जास्त चालतं, असा त्याचा अर्थ, दुसरा नाही. तो कागद मी गल्ल्याखाली सरकवला आणि दोन दिवस गिऱ्हाइकांवर खेकसत होतो. एकानं विचारलं, "चचा, तबीयत ठीक है?" मी त्याला म्हणालो, तुझी चांदी खोटी आहे. ती खोटी नव्हती.

दिवाळी जवळ आली तेव्हा भाची माझ्या दुकानात आली. बँकेतनं थेट, गळ्यात ओळखपत्र तसंच. ती मराठी सगळी समजते, बोलते हिंदीत.

"मामा, बाबा ड्रम साफ नहीं कर रहे. पानी दुकान के अंदर तक आ गया है. कहते हैं, मामा से पूछो."

"का, भीती वाटते त्यांना?"

"आपसे? नहीं. बोले, उसने पुरावा बोला है तो पुरावा है."

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"आप दूसरी जाँच करवाना चाहते हैं न? पुलिस वाले ने बताया. करवाइए. मैं साइन कर दूँगी जहाँ बोलेंगे." मग तिनं पर्स काउंटरवर ठेवली आणि माझ्या समोर उभी राहिली, जशी गिऱ्हाइकं उभी राहतात. "पर पहले सौदा. जाँच में निकला, तो आप क्या करेंगे?"

"तुझ्या बापाला आत घालीन."

"ठीक. और नहीं निकला, तो?"

मी गल्ला उघडला आणि परत बंद केला.

नाही निघालं, तर मी काय म्हणणार हे मला पाठ होतं. म्हणणार, उशीर झाला. म्हणणार, उरलेला नमुना शिळा होता, बरणी बदलली, पद्धत चुकीची होती. बाईंनी मला शिकवलेलं सगळं मी त्यांच्याच विरुद्ध वापरलं असतं, आणि त्यातलं एकही खोटं नसतं. जो निकाल मला हवा तो आला तरच तिसरा खरा, अशा माणसाला मी माझ्या दुकानाची पायरी चढू दिली नसती.

"बोलिए. भट्टी यहीं है. हाथ रखिए."

मी हात ठेवला नाही. एकदा ठेवला होता.

"आणि एक विचारतो," मी म्हणालो. विषय बदलायची माझी ही रीत तिला ठाऊक आहे. "तुझा बाप त्या दिवशी खोटं बोलला. पेल्याचं. मला तिथंच कळलं होतं."

तिनं ओळखपत्राची पट्टी बोटाभोवती गुंडाळली, सोडली. "हाँ. झूठ बोले थे."

मी खुर्चीतनं उठलो.

"गुड़ का पानी मैंने दिया था," ती म्हणाली. "मम्मी को शुगर थी, मामा. छह महीने से. गोली चल रही थी, उसी से मुँह का स्वाद वैसा रहता था, डॉक्टर ने बोला था. आपको नहीं बताया, क्योंकि आप चिल्लाते. उस दिन उनको चक्कर आया, पसीना आया, बोलीं गुड़ का पानी दे. हमारे यहाँ तो हर चीज़ में वही देते हैं. मैंने दे दिया. शुगर वाली को गुड़. फिर वो... बाबा ने गिलास धोया और मुझसे कहा, कोई पूछे तो मैंने दिया था, तू चुप रहना. लोग बोलेंगे, बेटी ने गुड़ पिला के मार दिया."

भट्टीवर काम करणारा तेजाबाचा धूर घशात गेला की गूळ खातो. भाजलं तरी गूळ, ताप आला तरी गूळ. आमच्या आईनंही हेच केलं असतं. मीही केलं असतं, शुगर आहे हे माहीत असून, कारण त्या क्षणी हात डब्याकडंच जातो.

"अब बोलिए, किस पर शक है?"

एक क्षण, खरं सांगतो, मी तिच्याकडंही तसंच बघितलं. ती सांगतेय हे खरं कशावरनं? बापानं शिकवून धाडली नसेल कशावरनं? संशयाला एकदा भट्टी पेटवून दिली की तो जे हाताला लागेल ते वितळवायला मागतो. मग मला तिचे हात दिसले. अंगठ्याजवळ जुना तेजाबाचा पिवळा डाग होता, लहानपणचा. दुकानात खेळताना पडलेला. तो तिला माझ्या दुकानात पडला होता, तेव्हाही आक्का धावत आली होती आणि मी गूळच दिला होता.

"गुळानं कुणी मरत नाही," मी म्हणालो. "तिला घाम आला होता म्हणतेस, मग साखर उतरलीही असेल. उद्या त्या महानगरच्या बाईंना विचार. माझं नको ऐकूस."

"और जाँच?"

"नको."

"क्यों? बाबा पर भरोसा हो गया?"

"नाही," मी म्हणालो, आणि ती पहिल्यांदा हसली, आक्कासारखी, एकाच बाजूनं.

दोन दिवसांनी मी चौकात गेलो, बाटली न घेता. दाजींनी सरकून जागा केली. ड्रम खरंच काठोकाठ भरला होता, दुकानात कुबट वास सुटला होता. वरचं पाणी आम्ही दोघांनी रबरी नळी लावून काढलं. गाळ पसरून वाळत घातला आणि दुसऱ्या दिवशी भट्टीत घातला. असं काम पूर्वी मीच त्यांना शिकवलं होतं. चिमटा ते अजून उलट्या हातानं धरतात. मध्येच म्हणाले, "नाकाला फडकं बांध." मी बांधलं.

मुशीच्या तळाशी मसुराएवढं सोनं बसलं. त्या वर्षाचे सगळे हात, सगळी भांडी, तो पेला, सगळं धुऊन उरलेलं. त्याचा टंच काढायला मी हात पुढं केला नाही, आणि दाजींनीही कसोटी काढली नाही.

धुरानं दोघांचेही घसे खरवडले होते. भाची पेला घेऊन आली, आईच्या नावाचा. आत गुळाचं पाणी. तिनं तो माझ्यापुढं धरला आणि तिथंच उभी राहिली. दाजी भट्टीकडं तोंड करून बसले होते, पण त्यांचे खांदे ऐकत होते.

मी निम्मा प्यायलो. उरलेला निम्मा दाजींपुढं धरला. त्यांनी एकदा पेल्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. दोघांच्या पोटात एकच नमुना जावा, हा माझा हिशेब त्यांना कळला, आणि उरलेलं त्यांनी पिऊन टाकलं.

त्यांनी पेला धुवायला हात पुढं केला. मी तो दिला नाही. उठलो, मागच्या नळाखाली माझ्या हातानं विसळला, दोनदा, आणि पालथा घातला. पाणी रिकाम्या ड्रमाच्या तळाशी पडलं. त्याचा मोठा आवाज झाला.